सेवा करणाऱ्यालाही आधार हवा

कॅन्सर, पक्षाघात किंवा किडनीच्या आजारात उपचार संपतात आणि रुग्ण घरी येतो. त्याचे शेवटचे दिवस वस्तीतच जातात. अशा घरी आपल्या महिला मंडळाच्या ताई, विहारातले तरुण जाऊन बसतात. अंग पुसणे, कूस बदलणे, चमच्याने पाणी पाजणे, घरच्यांना दोन तास झोपू देणे, हे सारे ते करतात. पण त्यांची विचारपूस कोण करतो?

मृत्यू वारंवार जवळून पाहिला की मनावर ओझे साचते. झोप लागत नाही, घास उतरत नाही, घरी लेकरांवर चिडचिड होते, रुग्णाच्या दाराकडे पाय वळत नाहीत. कधी काहीच वाटेनासे होते. कुणाची तंबाखू, दारू वाढते. हा कमकुवतपणा नाही. मन थकल्याची ही खूण आहे.

विनयपिटकात अतिसाराने पडलेल्या भिक्खूची कथा आहे. तथागतांनी पाणी ओतले, आनंदांनी त्याला धुतले. मग एकाने डोक्याकडून, दुसऱ्याने पायांकडून धरून त्याला मंचकावर निजवले. तथागतांनीही ही सेवा एकट्याने केली नाही, हे आपण लक्षात ठेवू.

म्हणून आपण एवढे पाळू या :

• रुग्णाकडे दोघांनी जावे, पाळी लावावी. आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुट्टी घ्यावी.

• परतल्यावर हातपाय धुऊन, चहा घेत सोबत्याशी दहा मिनिटे बोलावे. आपल्या मनातले सांगावे. त्या घरातल्या गोष्टी बाहेर नेऊ नयेत.

• "बरे वाटेल" असे खोटे आश्वासन देऊ नये. औषधाचा डोस ठरवणे डॉक्टरांचे काम आहे. ते ओझे आपण घेऊ नये.

• रुग्ण गेल्यावर रडू आले तर रडावे. पुण्यानुमोदनाला जावे. लगेच दुसरे घर घेऊ नये.

• स्वतःच्या घरी नुकतेच कुणी गेले असेल, तर काही महिने थांबावे.

• रोज थोडा वेळ आनापानसती करावी.

दोन आठवडे झाले तरी झोप येत नसेल, उदास वाटत असेल किंवा जीव नकोसा वाटला, तर वाट पाहू नये. जीव नकोसा वाटला तर त्याच दिवशी बोलावे. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास, मोफत चालतो. मराठीतही बोलता येते.

येत्या रविवारी वंदनेनंतर विहारात पाळीचा तक्ता लावू या. त्यात सुट्टीचा रकाना आधी भरू या.