स्क्रीनवर शून्य टक्के, पाइप मात्र गार

गेल्या आठवड्यात एका ज्युनिअरचा फोन आला. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा झालाय, आता बिल्डिंग ऑटोमेशनमध्ये पदवी करायचा विचार आहे. 'ताई, यात नेमकं काय असतं? सॉफ्टवेअर, की एसीचं काम?' दोन्ही, असं म्हणून मी सुटले खरी, पण ते उत्तर अर्धवट होतं. तुमच्यापैकी कुणी याच विचारात असेल, तर आज जरा सविस्तर सांगते. त्यासाठी माझीच एक फजिती सांगावी लागेल.

पीएचडीला येण्याआधी मी साइट इंजिनिअर होते. एका हॉस्पिटलच्या ऑपरेशन थिएटरचा एएचयू, म्हणजे हवा थंड करून आत सोडणारं यंत्र, आमच्या सिस्टीमवर होता. त्यात आधी गार पाण्याची कॉइल आणि तिच्या पुढे विजेचा हीटर. थंड करून परत गरम? पावसाळ्यात ते लागतं. हवेतलं पाणी काढायचं तर ती 12-13 अंशांपर्यंत गार करावी लागते, आणि तेवढी गार हवा तशीच आत सोडली तर डॉक्टर कुडकुडतील.

पण तो महिना होता मार्च. हवा कोरडी. थिएटर 22 अंशांवर स्थिर, स्क्रीनवर सगळं हिरवं. मेंटेनन्सचे एक काका दोनदा येऊन म्हणाले, 'मॅडम, व्हॉल्व्ह पासिंग आहे.' म्हणजे बंद असूनही पाणी जाऊ देतोय. मी स्क्रीन दाखवली: व्हॉल्व्ह 0 टक्के. तिसऱ्या वेळी ते काही बोललेच नाहीत, मला प्लँटरूममध्ये नेलं आणि माझा हात कॉइलमधून परत जाणाऱ्या पाइपवर ठेवला. बर्फासारखा गार.

स्क्रीनवरचं ते शून्य म्हणजे कंट्रोलरने दिलेला हुकूम होता. व्हॉल्व्हने तो पाळला की नाही, हे त्या आकड्यात नव्हतंच. बरं, महागड्या अ‍ॅक्च्युएटरमधून फीडबॅकची वायर परत आणता येते. पण तीही दांडा किती फिरला तेवढंच सांगते. आत व्हॉल्व्हची सीट झिजली असेल किंवा कचरा अडकला असेल, तर दांडा पूर्ण फिरूनही पाणी चालूच.

मग थिएटर गार का पडलं नाही? कारण कंट्रोलर हुशार होता. हवा गार येतेय असं दिसताच त्याने हीटर वाढवला. इथे थोडं गणित करू. सेकंदाला 2 घनमीटर हवा, म्हणजे साधारण 2.4 किलो. ती गळक्या व्हॉल्व्हमुळे 5 अंश जादा गार होत असेल, तर ते भरून काढायला हीटरला सुमारे 12 किलोवॅट लागतात. तेवढीच थंडी फुकट तयार करायला चिलर आणखी 3 किलोवॅट घेतो असं धरा. एकूण 15. चोवीस तासांत 360 युनिट! आणि एकही अलार्म नाही, कारण अलार्म लावला होता खोलीच्या तापमानावर.

हा विषय सुरू झाला तो एका मास्तराच्या वैतागातून. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये वॉरन जॉन्सन शिकवत असताना तापमान बघायला शिपाई वारंवार वर्गात येई. त्यातून जॉन्सनने विजेवर चालणारा थर्मोस्टॅट केला, 1883 मध्ये त्याचं पेटंट मिळालं. शिपायाची फेरी वाचली. पण त्या फेरीत माणूस यंत्रावर नजर टाकतो, ती नजरही गेली.

माझं संशोधन त्या नजरेबद्दल आहे. सिस्टीम दर काही मिनिटांनी सगळे आकडे साठवत असते. त्यातून दोष हुडकायचा साधा मार्ग म्हणजे नियम: व्हॉल्व्ह शून्यावर असताना कॉइलच्या आधीची आणि नंतरची हवा जवळपास सारखी हवी, नसेल तर पासिंग. अमेरिकेच्या एनआयएसटी संस्थेतल्या संशोधकांनी 2001 मध्ये एएचयूसाठी असे 28 नियम मांडले. कागदावर सोपं आहे. प्रत्यक्षात कॉइल आणि हीटरच्या मध्ये सेन्सरच नसतो (खर्च वाचवला!), किंवा असलेला सेन्सर दीड अंश चुकीचा दाखवतो, किंवा एकाच गोष्टीला प्रत्येक इमारतीत वेगळं नाव असतं. माझा निम्मा वेळ नावं जुळवण्यात जातो, खोटं नाही सांगत. 1995 मध्ये बॅकनेट हे मानक आलं तेव्हापासून वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं एकमेकांशी बोलू शकतात. पण बोलणं जमलं म्हणजे अर्थ कळला असं नाही.

आता त्या ज्युनिअरच्या प्रश्नाकडे. अमेरिकेत कम्युनिटी कॉलेजांत यासाठी दोन वर्षांची वेगळी पदवी मिळते. आपल्याकडे बहुतेक जण इन्स्ट्रुमेंटेशन, इलेक्ट्रिकल किंवा मेकॅनिकल करून या कामात येतात आणि उरलेलं साइटवर शिकतात. कॉलेज कुठलंही असो, अभ्यासक्रम हातात घ्या आणि सायक्रोमेट्रिक चार्ट आहे का ते बघा. त्याशिवाय वरचा हीटर कधी योग्य आणि कधी उधळपट्टी, हे कळणार नाही. नेटवर्क आणि प्रोग्रामिंग हवंच. वायरिंगही हवं: 4 ते 20 मिलीअँपच्या सिग्नलमध्ये शून्य आलं तर वायर तुटली असावी, हे हाताने करून बघितलं की विसरत नाही.

आणि प्रवेश घेण्याआधी लॅब बघायला मागा. नुसते कॉम्प्युटर असतील तर विचार करा. चालू एएचयू असेल, आणि मुलांना व्हॉल्व्ह मुद्दाम बिघडवून दोष शोधायला लावत असतील, तर फी थोडी जास्त असली तरी मी तिथेच जाईन.

काकांचा व्हॉल्व्ह पुढच्या रविवारी बदलला. जुना उघडला तेव्हा सीटमध्ये वेल्डिंगचा हरभऱ्याएवढा गोळा निघाला. तो माझ्या टेबलावर आहे.