हीटर बदलण्याआधी

थंडीत सकाळी गरम पाण्याच्या नळाला गार पाणी आलं की घरात पहिला निकाल लागतो तो हीटरविरुद्ध. ‘सोलर गेला’, ‘गिझरची कॉइल उडाली’, आणि नव्याची चौकशी सुरू होते. अहिल्यानगर जिल्ह्यात, श्रीरामपूर तालुक्यातल्या प्रवरेकाठच्या बेलापुरात असा निकाल घाईचा ठरण्याचा संभव अधिक, कारण इथलं पाणीच यंत्राशी भांडणारं आहे. गच्चीवरचा सोलर असो, परसातला तांब्याचा बंब असो की पर्यटकांच्या कॅराव्हॅनमधला गॅस हीटर, तपासणीचा क्रम एकच असावा: आधी पाणी, मग पाण्याची वाट आणि सगळ्यांत शेवटी तापवणारा भाग. हा क्रम उलटा केला की पैसे जातात आणि दोष जागेवरच राहतो.

पाण्यापासून सुरुवात करू. भंडारदऱ्याचं धरण 1926 साली पूर्ण झालं आणि प्रवरेच्या कालव्यांखाली ऊस पसरला. भारी काळी जमीन, मुबलक पाटपाणी आणि अपुरा निचरा यांमुळे या पट्ट्यात जमिनी खारवल्या. विहिरी-बोअरचं पाणीही जड झालं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत सवलत आहे. पण हे आकडे पिणाऱ्यासाठी आहेत, हीटरसाठी नाहीत. असं पाणी तापलं की त्यात विरघळलेलं कॅल्शियम बायकार्बोनेट फुटतं, कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि चुना जिथे उष्णता सर्वाधिक तिथेच बसतो. जुन्या गिझरची कॉइल बाहेर काढली तर तांबं दिसतच नाही. पांढरट, खरबरीत थर नखाने खरवडला की त्याचे पापुद्रे सुटतात आणि लिंबाचा थेंब पडताच तो फसफसतो. या थरातून उष्णता तांब्याच्या तुलनेत शंभराहून अधिक पटींनी कमी वाहते. म्हणून कॉइल आतल्या आत जळते आणि पाणी मात्र कोमटच राहतं. साखर कारखानदारीला हे पक्कं ठाऊक आहे. हरेगावची बेलापूर कंपनी याच तालुक्यातली. वाफेचं थंड होऊन परतलेलं पाणी बॉयलरला पुन्हा देण्याची कारखान्यांची रीत आहे, कारण त्यात क्षार जवळपास नसतात. जी काळजी बॉयलरची घेतली जाते, ती घरच्या सोलरची घेतली जात नाही.

आता वाट. शंभर लिटर पाणी 20 अंशांवरून 60 अंशांवर न्यायला साधारण 4.65 युनिट ऊर्जा लागते. निरभ्र दिवशी चौरस मीटरला पाचेक युनिट ऊन मिळतं. दोन चौरस मीटरच्या कलेक्टरने त्यातलं निम्मं जरी पाण्यात उतरवलं तरी गरज भागते. म्हणजे ऊन असूनही पाणी गार येत असेल तर उष्णता कुठे अडते किंवा कुठे हरवते, हे शोधायला हवं. सोलरच्या गार पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करून गरम नळ उघडावा. थोड्या वेळात धार थांबली पाहिजे. ती वाहतच राहिली तर कुठल्या तरी मिक्सरमधून गार पाणी गरम लाइनीत घुसतंय. त्यात सोलरचा काही गुन्हा नाही. धार अडखळत येत असेल तर पाइपात हवा अडकली आहे. काचेच्या नळ्यांचा सोलर असेल तर नळीच्या टोकाची चकाकी पाहावी. चंदेरी असेल तर निर्वात पोकळी शाबूत, दुधाळ पांढरी झाली असेल तर ती नळी बाद. एवढ्यासाठी संपूर्ण संच बदलण्याचं कारण नाही.

कॅराव्हॅनमध्ये हेच शास्त्र आटोपशीर जागेत दिसतं. महाराष्ट्राने 2021 साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यामुळे हा प्रश्न आता आपल्या रस्त्यांवरचाही आहे. अशा गाडीतल्या प्रचलित हीटरची टाकी जेमतेम 23 लिटरची असते. त्यातलं 60 अंशांचं पाणी 20 अंशांच्या पाण्यात निम्मं-निम्मं मिसळलं तर 40 अंशांचं 46 लिटर होतं. मोकळ्या शॉवरला ते काही मिनिटांत संपतं. हा बिघाड नव्हे, टाकीचा आवाका आहे. खरा दोष बहुधा दोन ठिकाणी सापडतो. थंड प्रदेशात गाडी उभी ठेवताना टाकी रिकामी करून पाणी तिला वळसा घालून नेणारा बायपास उघडतात. तो तसाच राहिला की पाणी हीटरला शिवतच नाही. दुसरं, बर्नरच्या नळीत कुंभारीण माशी घर करते किंवा कोळी जाळं विणतो, हवा कमी पडते आणि निळी ज्योत पिवळी होते. पिवळी ज्योत दिसली की हीटर ताबडतोब बंद करून जाणकाराला बोलवावं, कारण अपुऱ्या ज्वलनात कार्बन मोनॉक्साइड तयार होतो.

यावर आक्षेप येईल की एवढी तपासणी करत बसण्यापेक्षा नवा हीटर बरा. तो काही महिने चांगला चालेलही. पण पाणी तेच, तेव्हा थरही पुन्हा बसणार. दुसरा आक्षेप, आम्ही ॲसिड टाकून साफ करतो. तीव्र ॲसिड चुन्याबरोबर धातूही खातं. सायट्रिक ॲसिडचं सौम्य द्रावण थर काढायला सहसा पुरतं. तिसरा आक्षेप रास्त आहे: कधी कधी थर्मोस्टॅट किंवा कॉइल खरोखरच जाते. जातेच, पण पाणी आणि वाट निर्दोष ठरल्यावरच तो निष्कर्ष पक्का मानावा. त्याआधी घरात माणसं किती वाढली, हेही मोजावं. बेलापूरसारख्या गावात सोलर विकणाऱ्याने ग्राहकाला किंमत सांगण्याआधी पाण्याचा कठीणपणा तपासून द्यायला हवा, आणि घेणाऱ्याने तो मागून घ्यायला हवा. मेस्त्रीची शहाणी तपासणीही तिथूनच सुरू होते.