आंभोऱ्याच्या टेकडीवर एक दिवस

आपल्या भंडाऱ्याला समुद्र नाही. पण पाण्यात शिरलेले भूशिर कसे दिसते हे मुलांना दाखवायचे असेल, तर आंभोऱ्याला चला. कन्हान वैनगंगेला मिळते, ती ही जागा. लहान नद्याही इथेच येतात, म्हणून लोक पंचनदी संगम म्हणतात. गाव पलीकडच्या तीरावर, कुही तालुक्यात. पूर्वी डोंग्याने जावे लागे. २०२४ साली उंच पूल खुला झाला.

टेकडीवर चैतन्येश्वराचे देऊळ आहे. माथ्यावरून पाहाल तिकडे पाणी. पण ही सारी नदीच नव्हे बरे! पवनीजवळ गोसीखुर्दला धरण झाले (पायाभरणी १९८८), त्याचा हा फुगवटा. काठची कितीतरी गावे त्यापायी उठली. मुले ‘काय सुंदर!’ म्हणतील, तेव्हा हेही सांगा. वाटाड्या म्हणून तिथलाच एखादा ढीवर घ्या. शेते कुठे होती, घरे कुठे होती, ते त्याच्याच तोंडून ऐकावे.

मुकुंदराजांनी शके १११० मध्ये ‘विवेकसिंधु’ इथेच रचला, असे इकडचे लोक मानतात. अंबाजोगाईकरांना हे मान्य नाही. समाधी त्यांच्याकडे आहे. वाद मुलांपुढे मांडा, निकाल देऊ नका.

आता कामाचे. नाग नदी नागपूरचे सांडपाणी कन्हानेत आणते, आणि ते इथवर पोचते. तीर्थ म्हणून ओंजळ तोंडाला लावायची सवय मोडणे कठीण. तरी पिण्याचे पाणी घरून न्या, मुलांना संगमात उतरू देऊ नका. नावेत बसायचेच, तर प्रत्येकाच्या अंगात तरंगणारे जाकीट हवे. नसेल, तर काठावरूनच पाहावे.