लेव्हल नको, वॅट सांगा!

जिममधल्या सायकलवर बसले की पडद्यावर 'लेव्हल ५' असे दिसते. घाम गाळायला तेवढे पुरेसे आहे. पण हृदय आणि फुप्फुसे नेमका किती भार पेलतात हे तपासायचे, तर काम वॅटमध्येच मोजावे लागते.

प्रयोगशाळेतल्या पट्ट्याच्या सायकलचेच पाहा. एक किलोचा भार लावून मिनिटाला ५० वेळा पॅडल फिरवले, तर साधारण ५० वॅट काम होते. भार तोच ठेवून ७५ फेऱ्या मारल्या की काम ७५ वॅटवर जाते. म्हणजे दमलेल्या माणसाचे पाय मंदावले की तपासणीही नकळत सोपी होते.

यावर उपाय म्हणजे चुंबकीय ब्रेक. डेन्मार्कचे ऑगस्ट क्रोग यांनी १९१३ मध्येच विद्युतचुंबकाचा ब्रेक असलेली सायकल संशोधनासाठी बनवली होती. पुढे १९२० मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, ते केशवाहिन्यांवरील कामासाठी. साधी चुंबकीय सायकल संशोधनाजोगी करताना तिला फेऱ्या मोजणारा सेन्सर, पॅडलवरचा जोर मोजणारा सेन्सर आणि ब्रेक कमी-जास्त करणारा नियंत्रक जोडतात. फेऱ्या घटल्या की ब्रेक आवळतो, वाढल्या की सैल होतो. वॅट मात्र कायम राहतात. मग भार ठरवून वाढवता येतो, उदाहरणार्थ दर दोन मिनिटांनी २५ वॅट.

यात दोन धोके आहेत. माणूस फारच थकला तर आवळत जाणारा ब्रेक पॅडल जागीच थांबवतो; म्हणून फेऱ्यांची किमान मर्यादा ठरवून त्याखाली चाचणी थांबवावी लागते. दुसरे, ब्रेक तापला की त्याचा जोर बदलतो. त्यामुळे सायकल वेळोवेळी प्रमाणित यंत्राशी ताडून घ्यावी लागते.

हा काटेकोरपणा कशासाठी? एका वॅटमागे शरीराला मिनिटाला सुमारे १० मिलिलिटर जादा ऑक्सिजन लागतो. श्वासातील वायू मोजण्याचे यंत्र नसेल, तर ऑक्सिजनचा अंदाज वॅटवरूनच बांधतात. तिथे २० वॅटची चूक झाली, तर ५० किलोच्या रुग्णाचा आकडा दर किलोमागे ४ मिलिलिटरने चुकतो. फुप्फुसाच्या मोठ्या शस्त्रक्रियेआधी हाच आकडा १० पेक्षा कमी असेल तर धोका मोठा, २० पेक्षा जास्त असेल तर कमी मानतात. एवढ्या अरुंद पट्ट्यात चारची चूक रुग्णाला परवडणारी नाही.