सीटी नॉर्मल, तरी डोकं दुखतंय

पंचगंगेला पूर आला की जयंती नाल्याचं पाणी नदीत जायचं थांबतं आणि उलटं फिरून सुतारवाड्यात शिरतं. मेंदूच्या शिरांत रक्ताची गुठळी झाली की तसंच होतं. मेंदूतलं रक्त हृदयाकडे परत नेणारी सर्वांत मोठी वाहिनी डोक्याच्या मध्यरेषेवरून कपाळाकडून मागे जाते. ती तुंबली की मागचा दाब वाढतो, मेंदू सुजतो, कधी शिरा फुटून रक्त पसरतं.

हा आजार तरुणांचा, त्यातही बायकांचा. बाळंतपणानंतरचे सहा आठवडे जपायचे. ‘बाळंतिणीनं पाणी कमी प्यावं’ ही समजूत इथं घातकच, कारण शरीर सुकलं की रक्त लवकर गोठतं. अंबाबाईच्या नवरात्रासाठी पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या अनेकजणी सहज घेतात. अशा संप्रेरकांच्या गोळ्यांनीही हा धोका वाढू शकतो.

दहातल्या साधारण नऊ रुग्णांचं डोकं दुखतं आणि ते बहुधा दिवसेंदिवस वाढत जातं. सीझरच्या वेळी मणक्यात भूल दिली असेल तर ‘भुलेचं डोकं दुखतंय’ म्हणून सोडून देतात. भुलेची डोकेदुखी आडवं झाल्यावर कमी होते; गुठळीची बऱ्याचदा आडवं झाल्यावर, खोकल्यावर वाढते. पुढे उलट्या, धूसर दिसणं, फिट, हातपाय लुळे पडणं. डॉक्टर डोळ्यात प्रकाश टाकून आतली नस सुजली आहे का, तेही बघतात.

पहिला तपास बहुधा साधा सीटी स्कॅन. तो लवकर होतो आणि मोठा रक्तस्राव लगेच दाखवतो. गुठळी ताजी असेल तर वाहिनी पांढऱ्या दोरीसारखी उठून दिसते. रक्तस्राव एखाद्या धमनीच्या हद्दीत बसत नसेल, मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना असेल, तर संशय बळावतो. पण अनेक रुग्णांचा साधा सीटी अगदी स्वच्छ येतो. त्यावर विसंबून बाळंतिणीला वेदनाशामक देऊन घरी पाठवणं, ही मला या आजारातली सर्वांत मोठी चूक वाटते.

खरं उत्तर देतो तो एमआरआय आणि त्यासोबतची व्हेनोग्राफी, म्हणजे शिरांचा नकाशा. इथंही फसगत होते. पहिल्या काही दिवसांत काही प्रतिमांत गुठळी काळी, म्हणजे वाहत्या रक्तासारखीच दिसते. शिवाय अनेकांची एका बाजूची वाहिनी जन्मतःच बारीक असते, ती बंद असल्याचा भास होतो. म्हणून नकाशा आणि गुठळी दाखवणाऱ्या प्रतिमा शेजारी ठेवूनच वाचायच्या. एमआरआय जवळ नसेल तर शिरेतून औषध सोडून केलेली सीटी व्हेनोग्राफीही चांगली चालते. डी-डायमर या रक्ततपासणीवर मात्र भिस्त नको: बाळंतपणात ती तशीही वाढलेली असते आणि नॉर्मल आली तरी गुठळी नाहीच, असं ठरत नाही.

निदान झालं की रक्त पातळ ठेवणारं हेपॅरिन सुरू होतं. डोक्यात रक्तस्राव असतानाही ते देतात, हे ऐकून नातेवाईक घाबरतात. पण तो रक्तस्राव तुंबल्यामुळेच झालेला असतो. १९९१मध्ये जर्मनीतल्या अवघ्या २० रुग्णांच्या चाचणीनं हेपॅरिनचा फायदा दाखवला आणि उपचाराची दिशा ठरली.

गगनबावडा, राधानगरीकडून पेशंट घेऊन सीपीआर रुग्णालयात किंवा कुठल्याही दवाखान्यात याल तेव्हा बाळंतपणाची तारीख आधी सांगा, घेतलेल्या गोळ्यांचं पाकीट सोबत आणा, आणि सीटी नॉर्मल आला तर विचारा: ‘डॉक्टर, शिरांची तपासणी झाली का?’