बॉयलर बंद पडला? आधी बाहेरचा पाइप बघा

सकाळचे सहा वाजलेत. बाहेर गवत पांढरं झालंय, रेडिएटर गार पडलेत. भारतातून आलेले आई-बाबा दोन-दोन स्वेटर घालून बसलेत, बाळाची आंघोळ राहिलीय आणि बॉयलरच्या पडद्यावर कसलासा कोड लुकलुकतोय. अशा वेळी हात आधी फोनकडे जातो. पण जरा थांबा. कडाक्याच्या थंडीत बॉयलर बंद पडला म्हणजे तो बिघडलाच असं नाही. पुष्कळदा बाहेरच्या एका पाइपात नुसता बर्फ अडकलेला असतो.

हे होतं कसं? आजोळचा तांब्याचा बंब आठवा. त्याच्या धुराबरोबर बरीच उष्णता वाया जायची. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००५ पासून नवे गॅस बॉयलर बहुतेक सगळे कंडेन्सिंग प्रकारचे असतात. ते धुरातल्या वाफेचं पाणी करतात आणि तिची उष्णता घरासाठी वापरतात. उरलेलं किंचित आम्लयुक्त पाणी एका प्लास्टिकच्या पाइपातून गटारात जातं. हा झाला कंडेन्सेट पाइप. तो घराबाहेरून जात असेल, तर त्यातलं थोडं थोडं वाहणारं पाणी गोठतं. पाणी तुंबलं की बॉयलर स्वतःच बंद होतो. २०१० च्या डिसेंबरात, म्हणजे ब्रिटनमधल्या शंभर वर्षांतल्या सर्वांत थंड डिसेंबरात, असे कितीतरी बॉयलर बंद पडले होते.

आता ओळखायचं कसं? बॉयलरमधून गुडगुड किंवा बुडबुड्यांसारखा आवाज येतो. कोडचा अर्थ बॉयलरच्या पुस्तिकेत बघा. मग बाहेर जा. बॉयलरच्या खालून निघून भिंतीबाहेर येणारा आणि गटाराकडे जाणारा प्लास्टिकचा पाइप शोधा. बर्फ बहुधा वळणावर, आडव्या भागात किंवा गटाराजवळच्या तोंडाशी साचतो.

आता उपाय. आपल्या प्रत्येक घरात कंबर शेकायची रबरी पिशवी असतेच. ती गरम पाण्याने भरून पाइपावर बांधा. नाहीतर झारीने किंवा तांब्याने पाइपावर बाहेरून गरम पाणी ओता. पाणी आंघोळीला घेतो तेवढंच गरम हवं, किटलीतलं उकळतं नको. त्याने प्लास्टिक तडकतं आणि हातही भाजतो. मेणबत्ती, लायटर, ब्लोटॉर्च तर मुळीच नको. दोन-चार वेळा ओतावं लागेल. बर्फ सुटला की घरात येऊन पुस्तिकेत दिल्याप्रमाणे रिसेट करा. आणि हो, ओतलेलं पाणी पायवाटेवर पुन्हा गोठतं, तिथे मीठ टाका. आई-बाबा घसरून पडले तर बॉयलर परवडला!

पण कुठे थांबायचं, तेही ठरवून ठेवा. पाइप उंचावर असेल तर बर्फात शिडी लावू नका. बॉयलरचं झाकण उघडू नका. दोनदा रिसेट करूनही चालू झाला नाही, तर गॅस सेफ नोंदणी असलेल्या इंजिनिअरलाच बोलवा आणि त्याचं ओळखपत्र बघा. भाड्याच्या घरात बॉयलरची दुरुस्ती ही सहसा घरमालकाची जबाबदारी असते, त्याला लगेच कळवा. गॅसचा वास आला, तर एकही बटण न दाबता सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि ०८०० १११ ९९९ वर फोन करा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजला तरी बाहेर पडून हाच नंबर लावा.

पुन्हा असं होऊ नये म्हणून काय करायचं? पाइपाच्या बाहेरच्या भागावर पाणी न शोषणारं, हवामान सोसणारं फोमचं आवरण घाला. पुढच्या सर्व्हिसिंगला इंजिनिअरला विचारा, पाइप घरातूनच नेता येईल का? नाहीतर बाहेर निदान ३२ मिलिमीटरचा जाड पाइप आणि गटाराकडे चांगला उतार हवा. बॉयलरमधली गोठण्यापासूनची सुरक्षा आतल्या भागांसाठी असते, बाहेरचा हा पाइप ती सांभाळत नाही.

तर मंडळी, थंडीची लाट येण्याआधीच, येत्या शनिवारी दुपारी उजेडात, एक चक्कर मारून आपला पाइप कुठून जातो ते बघून ठेवा. पहाटे अंधारात तो शोधत बसण्यापेक्षा हे सोपं. शेजारी कुणी एकटे आजी-आजोबा राहत असतील, तर त्यांचाही बघून द्या. ऊबदार राहा, काळजी घ्या. नमस्कार!