ज्वारीची युक्ती शिकलेली तिळवण

मृगाचा पाऊस झाला की सोलापूर जिल्ह्यातल्या बांधांवर, पडीक रानात पांढरी तिळवण उगवते. एका देठावर पाच पर्णिका, चार पांढऱ्या पाकळ्या आणि फुलातून दांडीवर उंच निघालेले सहा जांभळट पुंकेसर. खुरपणीत ती तण म्हणून उपटली जाते. शास्त्रज्ञ मात्र तिला प्रयोगशाळेत मुद्दाम वाढवतात.

तिळवण मोहरीची सख्खी शेजारीण. १९९८च्या वर्गीकरणात तर तिला मोहरीच्याच कुळात घातले होते. २००९मध्ये तिचे कूळ वेगळे निघाले. चुरगळलेल्या पानाचा उग्र दर्पही मोहरीच्याच जातीच्या गंधकयुक्त द्रव्यांचा.

पण मोहरी कुळातल्या सुमारे चार हजार जातींपैकी एकीलाही पुरते न जमलेले काम ती करते. पानात कार्बन डायऑक्साइड पकडणारे रुबिस्को हे विकर तसे धांदरट. ऊन चढले की ते ऑक्सिजनही उचलते आणि बरीच मेहनत फुकट जाते. ज्वारीने यावर उपाय काढला आहे. ती आधी दुसऱ्या, न चुकणाऱ्या विकराकडून कार्बन डायऑक्साइड पकडून घेते, चार कार्बन अणूंच्या आम्लातून तो शिरेभोवतीच्या पेशींच्या कड्यात पोचवते आणि तिथे रुबिस्कोला भरपूर पुरवते. पर्णरंध्रे फार उघडावी लागत नाहीत, म्हणून पाणीही वाचते. ही सी-फोर पद्धत. गवताच्या कुळातल्या ज्वारीशी काडीचे नाते नसताना तिळवणीने ती स्वतंत्रपणे कमावली. तिची चिकट, पिवळ्या फुलांची बहीण मात्र अजून जुन्या सी-थ्री पद्धतीनेच चालते!

केंब्रिजच्या ज्युलियन हिबर्ड आणि सहकाऱ्यांनी २०११मध्ये ‘सायन्स’मध्ये एक नवल मांडले. मोहरी कुळातल्या अरॅबिडॉप्सिस या साध्या सी-थ्री झाडातला जनुकीय तुकडा तिळवणीत घातला, तर तो नेमका कड्यातल्या पेशींतच जनुक चालू करतो. म्हणजे बरीचशी सामग्री जुन्या झाडांत आधीपासूनच पडून होती. भातात ही पद्धत आणण्याची खटपट जगभर चालली आहे, तिला यामुळे बळ मिळाले. काम सोपे नाही, पण अशक्य म्हणण्याचे दिवस गेले, असे मला वाटते.

केनियात तिळवणीची पालेभाजी जुड्यांनी विकली जाते; कडवटपणा मरावा म्हणून ती दुधात शिजवतात. आपण यंदा खुरपताना चार रोपे तरी राखावीत. शाळेत सूक्ष्मदर्शक असेल तर दोन्ही तिळवणींच्या पानांचे आडवे छेद शेजारी ठेवून मुलांना दाखवा: शिरेभोवतीचे ठळक हिरवे कडे पांढरीतच दिसेल.